आयते फोल्डर आणि घरचीं कागदपत्रें

नवा संगणक घरीं आणून प्रथमच उघडला कीं, त्यांत आपण कांहींही ठेवण्यापूर्वीं कोणीतरी कपाटें मांडून व त्यांवर चिठ्ठ्या चिकटवून गेलेला आढळतो. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज, डाउनलोड्स, डेस्कटॉप. आणि थोडें खोल शिरलें तर त्या त्या आवृत्तीप्रमाणें कॉन्टॅक्ट्स, लिंक्स, सेव्ह्ड गेम्स असे आणखीही. ज्या घरांत संगणकावर गाणीं कोणी ऐकत नाहीं तेथें म्युझिकचा फोल्डर वर्षानुवर्षें रिकामा. ज्या घरांत खेळ खेळणारें कोणी नाहीं तेथेंही खेळ जतन करण्याची सोय मात्र तयार. हे आयते फोल्डर काढून कसे टाकावे, असा प्रश्न या सदराकडे पुष्कळ वाचकांनीं व वाचकभगिनींनीं निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे. विचारणारीं बहुतेक मंडळी टापटिपीचीं आहेत. न लागणारी वस्तु घरांत ठेवावयाची नाहीं, हा त्यांचा बाणा.

उत्तर प्रथमच देतों. हे फोल्डर पुसून टाकूं नयेत. नकोसे वाटत असतील तर ते दृष्टीआड करावे. अडचणीच्या जागीं असतील तर दुसरीकडे हलवावे. आणि या दोहोंपैकीं कांहींही करण्यापूर्वीं त्यांत घरांतील कोणाचें काय पडलें आहे याची झडती घ्यावी. एवढ्यानें ज्यांचें काम भागत असेल त्यांनीं पुढचें वाचलें नाहीं तरी चालेल. परंतु कारण कळल्यावांचून नियम पाळणें सुशिक्षित घराला रुचत नाहीं. आणि येथें तर नियमाकडे दुर्लक्ष झाल्यामुळें लोकांची वर्षांनुवर्षांची ठेव एका रात्रींत नाहींशी झाल्याचें प्रसिद्ध उदाहरण आहे. तें ओघानें सांगूं.

साधा फोल्डर, म्हणजे आपण स्वतः नांव देऊन केलेला फोल्डर, ही एक पेटी आहे असें समजण्यास हरकत नाहीं. पेटी उचलली, टाकून दिली, काम संपलें. आयता फोल्डर मात्र पेटी असून शिवाय पत्ताही असतो. विंडोज ही कार्यप्रणाली आपल्यापाशीं एक वही बाळगते. तिला रजिस्ट्री म्हणतात. त्या वहींत प्रत्येक खातेदाराच्या नांवें टिपलेलें असतें कीं, यांचीं कागदपत्रें अमुक जागीं, छायाचित्रें तमुक जागीं, बाहेरून उतरवून घेतलेला माल तिसऱ्या जागीं. पत्र लिहिण्याचा प्रोग्राम असो, चित्रें पाहण्याचा असो, वा बँकेचा उतारा उतरवून घेणारा ब्राउझर असो, 'ही फाइल कोठें ठेवूं?' असें तो आपणांस विचारण्यापूर्वीं त्या वहीला विचारतो. आपण पेटी फेकून दिली तरी वहींतील नोंद तशीच राहते. मग दोहोंपैकीं एक घडतें. एक तर पुढल्या खेपेस एखादा प्रोग्राम विचारावयास आला कीं तीच रिकामी पेटी पुन्हां जाग्यावर हजर होते. किंवा ती नाहीं म्हणून संगणक 'हें ठिकाण उपलब्ध नाहीं' अशी तक्रार करीत बसतो. डेस्कटॉपचा फोल्डर कोणी उत्साहानें पुसला तर हा दुसरा अनुभव विशेष लवकर येतो. घर सोडलें पण पोस्टांत पत्ता बदलून दिला नाहीं, तर पत्रें जुन्या दारीं येऊन पडतात, त्यांतलाच हा प्रकार.

या फोल्डरांची कुळकथाही थोडी मौजेची आहे. विंडोज ९८ च्या काळीं 'माय डॉक्युमेंट्स' हा एकच मोठा फोल्डर लोकांच्या परिचयाचा होता. २००१ सालीं एक्सपी ही आवृत्ति आली तोंवर त्याच्या पोटांत 'माय पिक्चर्स', 'माय म्युझिक' अशी प्रजा नांदूं लागली होती. ज्या घरांत एका संगणकावर एकाच खात्यांतून आजोबा, दोघे काका आणि चार मुलें आळीपाळीनें बसत, त्या घरांत हें 'माझें, माझें' म्हणणारें कपाट नक्की कोणाचें, हा प्रश्न कोणास पडला नाहीं याचें आम्हांस नवल वाटतें. २००७ सालीं बाजारांत आलेल्या व्हिस्टानें 'माय' हा शब्द गाळला, चित्रें व गाणीं यांना कागदपत्रांच्या पोटांतून काढून शेजारीं बसविलें, आणि सर्वांची वसति 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' या जुन्या वाड्यांतून 'यूझर्स' या नव्या वाड्यांत हलविली. जुन्या वाड्याची पाटी मात्र दारावर तशीच राहूं दिली. लपविलेले फोल्डर दिसूं दिले तर आजच्या संगणकांतही 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' हें नांव सी ड्राइव्हवर आढळतें, आणि त्यावर टिचकी मारली तर 'प्रवेश नाहीं' असें उत्तर मिळतें. तो फोल्डर नव्हेच. जुना पत्ता घेऊन येणाऱ्या प्रोग्रामांना नव्या वाड्याकडे वळविणारी ती केवळ एक खूण आहे. तिला हात लावूं नये.

आतां नको असलेले फोल्डर दृष्टीआड कसे करावे तें पाहूं. विंडोज ११ मध्यें फाइल एक्सप्लोररच्या डाव्या बाजूस जी यादी दिसते, ती बव्हंशीं टाचणीनें लावलेल्या चिठ्ठ्यांची यादी आहे. म्युझिकच्या नांवावर माउसचें उजवें बटण दाबून 'अनपिन' हा पर्याय निवडला कीं चिठ्ठी निघते. फोल्डर व त्यांतील वस्तु जेथल्या तेथें राहतात. येथें एक सावधगिरी मात्र हवी. त्याच यादीच्या शेजारीं 'डिलीट' हाही पर्याय कांहीं ठिकाणीं उभा असतो, आणि घाईंत बोट त्यावर पडण्यास वेळ लागत नाहीं. चिठ्ठी काढणें आणि कपाट जाळणें या दोन क्रिया एवढ्या जवळ मांडणें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं. परंतु मांडणी आपल्या हातीं नाहीं. याखेरीज फोल्डराच्या प्रॉपर्टीजमध्यें 'हिडन' या शब्दासमोर खूण केली तर तो फोल्डर सामान्यतः दिसेनासा होतो. २०१७ सालच्या शरदऋतूंतील विंडोज १० च्या सुधारणेबरोबर '३डी ऑब्जेक्ट्स' नांवाचा एक फोल्डर सर्वांच्या माथीं बसला होता. घरांत त्याचा उपयोग कोणाला, हें कोणासच उमगलें नाहीं. पुढें विंडोज ११ मध्यें कंपनीनेंच तो दर्शनी जागेवरून काढला. नको म्हणणाऱ्यांचें कधींकधीं ऐकलें जातें, असें यावरून म्हणावयास हरकत नाहीं.

डॉक्युमेंट्सच्या आंत उगवणारें तण ही निराळी बाब आहे. झूमवरील सभेचें मुद्रण केलें कीं तेथें 'झूम' नांवाचा फोल्डर होतो. ऑफिस आपले 'कस्टम ऑफिस टेम्प्लेट्स' तेथें आणून ठेवतें. खेळ आपापले खण थाटतात. यांना रोज उपटीत बसूं नये. आमचें मत असें कीं, आयता डॉक्युमेंट्स फोल्डर ही घराची ओसरी समजावी. ओसरीवर आल्यागेल्याचें जोडे, छत्र्या, पिशव्या असावयाच्याच. घरचा खरा ऐवज, म्हणजे जमिनीचे सातबाराचे उतारे, घरपट्टीच्या पावत्या, मुलांचीं प्रमाणपत्रें, आजीच्या औषधांचे कागद, मुंजीलग्नांचीं छायाचित्रें, यांसाठीं आपण स्वतः एक फोल्डर करावा, त्यास स्वच्छ मराठींत नांव द्यावें, आणि तो ओसरीपासून दूर ठेवावा. शक्य असेल तर निराळ्या ड्राइव्हवर.

येथून आपण हलविण्याच्या प्रश्नाशीं येतों, आणि खरी जोखीम येथेंच आहे. पुष्कळ संगणकांत सी ड्राइव्ह लहान असतो आणि डी ड्राइव्ह रिकामा पडलेला असतो. अशा वेळीं डॉक्युमेंट्स किंवा पिक्चर्स यांचा पत्ताच डी ड्राइव्हवर नेणें सोयीचें. रीत सोपी आहे. डी ड्राइव्हवर प्रथम एक नवा रिकामा फोल्डर करावा. मग मूळ फोल्डरावर उजवें बटण दाबून प्रॉपर्टीज उघडावे, 'लोकेशन' या पानावर जावें, 'मूव्ह' दाबून तो नवा फोल्डर दाखवावा व 'अप्लाय' म्हणावें. दोन गोष्टी टाळाव्या. पत्ता नुसता डी ड्राइव्ह म्हणून, म्हणजे त्याच्या मुळाशींच, देऊं नये. आणि चित्रें व कागदपत्रें या दोन आयत्या फोल्डरांना एकच नवी जागा देऊं नये. तसें केल्यास दोन्ही एकमेकांत मिसळतात, आणि पुढें 'रिस्टोअर डिफॉल्ट' दाबलें तरी संगणक त्यांना वेगळें करण्यास नकार देतो. हे दोष मागाहून निस्तरणें फार त्रासाचें होतें.

'अप्लाय' म्हटल्यावर संगणक एक प्रश्न विचारतो: जुन्या जागच्या सर्व फायली नव्या जागीं हलवूं काय? या प्रश्नास 'होय' म्हणावें. कांहीं लोक भीतीनें, कांहीं घाईनें, 'नाहीं' म्हणतात. मग पत्ता नव्या घराचा होतो आणि सामान जुन्या घरांत राहतें. डॉक्युमेंट्स उघडलें कीं तें रिकामें दिसतें. जुन्या फायली मूळच्या जागीं सुखरूप असतात, पण तेथें जाण्याचा नेहमींचा रस्ता मोडलेला असतो. घरांतील ज्या व्यक्तीनें हा बदल केला तिला हें ठाऊक असतें; इतरांस नसतें.

आतां तें उदाहरण. २०१८ च्या एप्रिलच्या नांवानें विंडोज १० ची जी सुधारित आवृत्ति निघाली, तिच्यानंतर अशा रीतीनें फोल्डर हलविलेल्या लोकांनीं मायक्रोसॉफ्टकडे तक्रार केली कीं, आमचे फोल्डर आम्ही दुसरीकडे नेले असतांही जुन्या जागीं त्याच नांवाचे रिकामे फोल्डर पुन्हां उगवले आहेत. तक्रार अगदीं आपल्या वाचकांसारखीच होती: नको असलेले रिकामे फोल्डर. कंपनीनें ती मनावर घेतली, आणि २ ऑक्टोबर २०१८ रोजीं निघालेल्या पुढल्या आवृत्तींत असे रिकामे व दुबार फोल्डर आपोआप काढून टाकण्याची तजवीज केली. हेतु चांगलाच होता. परंतु ती तजवीज व त्याच सुमारास केलेला दुसरा एक फेरफार यांचा संयोग होऊन असें झालें कीं, जुन्या जागचा फोल्डर आंतील सर्व ऐवजासह नाहींसा होऊं लागला. ज्यांनीं पत्ता बदलतांना सामानही हलविलें होतें त्यांचें कांहींच बिघडलें नाहीं. ज्यांचें सामान जुन्या घरांतच राहिलें होतें, त्यांचीं छायाचित्रें आणि कागदपत्रें गेलीं.

आठवडा पुरा होण्याच्या आंतच कंपनीनें त्या आवृत्तीचें वितरण थांबविलें, चूक जाहीरपणें कबूल केली, आणि दुरुस्त आवृत्ति १३ नोव्हेंबर २०१८ रोजीं पुन्हां काढली. ऐवज गमावल्याच्या ज्या तक्रारी कंपनीकडे आल्या, त्यांचें प्रमाण तिच्या हिशेबीं दहा हजारांत एक होतें. प्रमाण लहान खरें. पण त्या एका घरचीं छायाचित्रें उरलेल्या नऊ हजार नऊशें नव्याण्णव घरांत सांपडण्यासारखीं नसतात. विशेष खेदाची गोष्ट अशी कीं, ती आवृत्ति परीक्षणासाठीं आधीं वापरणाऱ्या कांहीं लोकांनीं हीच तक्रार अगोदर नोंदविली होती, परंतु तक्रारींच्या ढिगांत तिच्याकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. ज्यांच्या फायली गेल्या त्यांस तेव्हां असा सल्ला देण्यांत आला कीं, संगणकाचा वापर शक्य तेवढा कमी करावा. तो सल्ला आजही उपयोगी आहे. पुसलेली फाइल तत्काळ खरवडून काढली जात नाहीं. तिची जागा मोकळी झाली एवढीच नोंद होते, आणि त्या जागेवर दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंत ती परत मिळण्याची आशा असते. मात्र हल्लींच्या एसएसडी जातीच्या साठवणींत ही मोकळी जागा लवकर साफ करण्यांत येते, त्यामुळें ती आशा पुष्कळच क्षीण झाली आहे.

पत्ता व सामान यांची ताटातूट होणें हा दोष विंडोजपुरताच नाहीं. लिनक्सच्या पुष्कळ प्रकारांत आयते फोल्डर आठ असतात, आणि आपण संगणकाची भाषा बदलली तर पुढल्या खेपेस तो विचारतो कीं, या फोल्डरांचीं नांवें नव्या भाषेंत करूं काय. आणि त्याखालींच बजावतो कीं, जुन्यांतील मजकूर हलविला जाणार नाहीं. होकार दिला तर नव्या नांवाचे नवे फोल्डर तयार होतात आणि भरलेले जुने तसेच शेजारीं राहतात. हौसेनें भाषा बदलणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. विंडोजमध्यें हें भय नाहीं. तेथें भाषा बदलली तर नांवाची पाटी तेवढी बदलते, तबकडीवरचें मूळ नांव 'डॉक्युमेंट्स' हेंच राहतें. उलट पक्षीं, न्याय म्हणून हेंही सांगितलें पाहिजे कीं, नको असलेला आयता फोल्डर लिनक्सवर पुसला तर तो पुन्हां उगवत नाहीं. तेथें मालकाचा शब्द मानतात.

गेल्या कांहीं वर्षांत या पत्त्यांच्या प्रकरणांत वनड्राइव्हची भर पडली आहे. नवा संगणक मांडतांना आपण पुढें, पुढें म्हणत जातों, आणि त्या ओघांत डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स व पिक्चर्स या तीन फोल्डरांचा पत्ता वनड्राइव्हच्या पोटांत गेलेला कित्येकदां आढळतो. म्हणजे तेथें ठेवलेली वस्तु इंटरनेटवरील साठवणींतही जाते. हें वाईट नाहीं. संगणक मोडला तरी कागद वांचतात. परंतु तीन गोष्टी ठाऊक असाव्या. फुकट मिळणारी जागा पांच जीबी आहे, आणि एका लग्नाचीं छायाचित्रें तिला पुरून उरतात. दुसरें, येथून पुसलेली फाइल इंटरनेटवरूनही व त्याच खात्याच्या इतर यंत्रांवरूनही जाते; घरगुती खात्याच्या कचरापेटींत ती तीस दिवस राहते, पुढें नाहीं. तिसरें, ही सोय बंद केल्यावर नेहमींचा डॉक्युमेंट्स फोल्डर रिकामा दिसूं शकतो, कारण फायली वनड्राइव्हच्या फोल्डरांतच राहिलेल्या असतात. घाबरून जाण्यापूर्वीं तेथें पाहावें. ॲपलच्या यंत्रांवर डेस्कटॉप व डॉक्युमेंट्स आयक्लाउडमध्यें ठेवण्याची जी सोय २०१६ पासून आहे, तिचा अनुभवही असाच येतो.

एकत्र कुटुंबास आमची विशेष सूचना अशी कीं, संगणक एकच असला तरी खातीं निरनिराळीं करावीं. प्रत्येक खात्यास आयत्या फोल्डरांचा स्वतंत्र संच मिळतो, आणि नातवानें आपल्या खात्यांत कितीही झाडलोट केली तरी आजोबांच्या कागदांस धक्का लागत नाहीं. सर्वांनीं पाहावयाच्या वस्तूंसाठीं यूझर्सच्या आंत 'पब्लिक' नांवाचा फोल्डर असतो. या आयत्या फोल्डरांपैकीं हाच एक आम्हांस मनापासून उपयोगी वाटतो, आणि नेमका हाच बहुतेकांस ठाऊक नसतो. वीजबिलें, पाहुण्यांचे पत्ते, सामाईक छायाचित्रें तेथें ठेवावीं. जें केवळ एकानेंच पाहावयाचें, तें तेथें ठेवूं नये.

ज्या घरांत आजवर एकच खातें चालत आलें आहे, तेथें वाटणी करण्यापूर्वीं सर्वांनीं एखाद्या रविवारीं दुपारीं एकत्र बसावें. प्रत्येक आयता फोल्डर उघडून, त्याचा लोकेशन या पानावरील खरा पत्ता कागदावर लिहून घ्यावा. सी ड्राइव्हवरील यूझर्समध्यें जाऊन त्याच नांवाचा दुसरा फोल्डर तेथें आहे काय, आणि असल्यास त्यांत कांहीं आहे काय, हें पाहावें. वडीलधाऱ्यांना विचारल्यावांचून कोणतीही फाइल 'निरुपयोगी' ठरवूं नये. 'स्कॅन ००४' अशा अर्थहीन नांवाखालीं घराचें खरेदीखत असूं शकतें. त्यानंतर सर्व ऐवजाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावी, ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटांत ठेवावी, आणि तिच्यावर त्या दिवसाची तारीख लिहावी. एवढें झालें म्हणजे मग म्युझिकची चिठ्ठी खुशाल काढावी.